आधी वर्ग, मग परवाना, पिस्तूल सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. अमेरिकन नागरिक आहे. दोन वर्षांपूर्वी पिस्तुलाचा परवाना काढला, रीतसर शिकलो, त्याचा फायदा झाला. आमच्या मराठी मित्रमंडळींत निदान सहा-सात घरांत पिस्तूल आहे, पण परवाना एकाकडेही नाही आणि शिकलेलंही कुणी नाही. विषय काढला की म्हणतात, टेक्सासमध्ये आता परवाना लागतच नाही. यांना तयार कसं करायचं? ताई, तुम्ही इतकी वर्षं शिकवता, तुम्हीच सांगा."

तुमच्या मित्रांचं म्हणणं कायद्याने बरोबर आहे, ते आधी कबूल करून टाका. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला पिस्तूल जवळ बाळगायला परवाना लागत नाही. त्याआधी माझ्या वर्गाला महिन्याला पंचवीसेक जण यायचे, आता आठ-दहा येतात. धंदा बसला म्हणून मी परवान्याची तरफदारी करते, असं कुणी म्हणालं तर हसून सोडून देते. माझं पोट यावर चालत नाही.

पण कुणालाही तयार करण्याआधी एक चाळणी लावा, कारण आपल्या लोकांत ही चूक सर्रास होते. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४, बी-२ अशा कुठल्याही तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूकच काय, गोळीसुद्धा बाळगता येत नाही. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद त्या कायद्यात आहेत. पण त्यांच्या जिवावर पिस्तूल घ्या असा सल्ला मी देत नाही, तो विषय वकिलाचा. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. ग्रीन कार्डाचा अर्ज गेला आणि रांगेत दहा वर्षं झाली तरी तुम्ही अजून व्हिसावरच असता. कार्ड हातात आलं की गोष्ट वेगळी. ग्रीन कार्डवाल्याला पिस्तूल घेता येतं आणि टेक्सासचा परवानाही काढता येतो. मात्र शस्त्राच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर त्याची देशातून हकालपट्टीही होऊ शकते, नागरिकाची होत नाही.

पुण्याहून आलेल्या बाबांना मुलगा हौसेने रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, घेऊन जातो, हातात पिस्तूल देतो, फोटो काढतो आणि फेसबुकवर टाकतो. मी हे किती वेळा पाहिलं त्याला गणती नाही. बाबा बी-२ वर, म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसावर आलेले असतात. 'जरा धरून बघा' म्हणून हातात दिलेलं पिस्तूलही कायद्याच्या भाषेत बाळगणंच ठरू शकतं. आणि आई-बाबा सहा महिने घरी राहणार असतील तर तिजोरीचा आकडा त्यांना सांगू नका. त्यांच्यावर विश्वास नाही असा याचा अर्थ नाही. त्यांच्या व्हिसाला धोका नको, इतकंच.

आता ज्यांना चालतं त्यांच्याबद्दल. 'परवाना लागत नाही' आणि 'परवान्याचा उपयोग नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मित्रांना पटवताना पहिला मुद्दा शाळेचा काढा. १९९० चा संघराज्याचा कायदा सांगतो की शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत बंदूक जवळ बाळगणं गुन्हा आहे. ज्याला त्या राज्याने परवाना दिलाय त्याला यातून सूट आहे. तुमचं स्वतःचं घर, खाजगी जागा, किंवा गोळ्या काढून कुलूपबंद डब्यात ठेवलेलं पिस्तूल यांनाही सूट आहे. विनापरवाना, गोळ्या भरलेलं पिस्तूल कमरेला किंवा गाडीत लावून जाणाऱ्याला मात्र नाही. राज्याचा कायदा बदलला म्हणून हा कायदा बदलत नाही. केटीत, शुगरलँडमध्ये, फ्रिस्कोत घरांच्या वसाहतीच शाळेभोवती बांधलेल्या असतात. १००० फूट म्हणजे जेमतेम तीनशे मीटर. तुमच्या मित्राने घरातून निघून दूध आणायला जाईपर्यंत ती हद्द दोनदा ओलांडलेली असते. यावरून रोज उठून कुणाला पकडतात असं नाही. पण दुसऱ्याच कारणावरून प्रकरण उभं राहिलं की सरकारी वकील सगळी कलमं चाळतो.

मी हा मुद्दा सांगते तेव्हा वर्गात शांतता पसरते. बाकीचे फायदे पटापट सांगते. परवान्यावर तिसाहून जास्त राज्यांत पिस्तूल नेता येतं. लुइझियाना, ओक्लाहोमा, न्यू मेक्सिको या शेजाऱ्यांना तो चालतो. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉयला चालत नाही, तेव्हा न्यू जर्सीत एडिसनच्या मावशीकडे जाताना पिस्तूल घरीच ठेवा. दुकानात नवं पिस्तूल घेताना फॉर्म भरावा लागतो, पण पार्श्वभूमीची तपासणी परवान्यामुळे आधीच झालेली धरतात. विमानतळावर बॅगेत पिस्तूल विसरलं आणि तपासणीत सापडलं, तर परवानाधारकाला सांगताक्षणी मागे फिरायची मुभा राज्याच्या कायद्यात आहे. टीएसएचा, म्हणजे विमानतळाची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय खात्याचा दंड मात्र तरीही येतो, आणि तो चांगलाच झोंबतो.

आणि पाट्या. ३०.०५, ३०.०६, ३०.०७ हे आकडे दुकानांच्या दारांवर तुम्ही पाहिले असतील. ३०.०५ ची पाटी विनापरवाना बाळगणाऱ्याला आत यायला बंदी करते. परवानाधारकाला ती लागू होत नाही. ३०.०६ लपवून बाळगणाऱ्या परवानाधारकाला थांबवते आणि ३०.०७ उघड बाळगणाऱ्याला. लाल अक्षरांत ५१% लिहिलं असेल तर त्या जागेचं निम्म्याहून जास्त उत्पन्न तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूचं आहे. तिथे परवाना असो की नसो, पिस्तूल नेता येत नाही. मंदिरांसाठी वेगळी सरसकट बंदी नाही, दारावरची पाटी वाचायची. ज्याने वर्गच केला नाही त्याला या चार पाट्यांतला फरक कोण सांगणार? माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी दोन वर्षं ३०.०६ ची पाटी 'पार्किंगची असेल' म्हणून वाचलीच नव्हती. अक्षरं एक इंच उंच, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, आणि हे रोज तिच्याशेजारून जात होते.

टेक्सासमध्ये हा परवाना आला कसा, तेही मित्रांना सांगा. परवाना म्हणजे सरकारने घातलेली अडचण, असं आज पुष्कळांना वाटतं. सुरुवातीला तो हवा म्हणून लोकच झगडले होते. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीन गावातल्या लूबीज कॅफेटेरियात एका माणसाने ट्रक काच फोडून आत घातला आणि २३ जणांना गोळ्या घालून मारलं. सुझॅना ग्रॅशिया हप ही कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्यावर हाताने उपचार करणारी, आई-वडिलांबरोबर तिथे जेवत होती. तिचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं. त्या वेळी ते जवळ बाळगणं बेकायदा होतं आणि आपला व्यवसायाचा परवाना जाईल या धास्तीने ती ते गाडीत ठेवायची. आई-वडील दोघेही गेले. पुढे ती गावोगाव साक्ष देत फिरली, आमदारही झाली. १९९५ मध्ये गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी लपवून पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याचा कायदा मंजूर केला आणि १९९६ पासून परवाने मिळायला लागले.

तेव्हा वर्ग दहा ते पंधरा तासांचा होता. २०१३ मध्ये तो चार ते सहा तासांवर आला. २०१६ च्या १ जानेवारीपासून परवानाधारकाला होल्स्टरमध्ये उघड बाळगायची मुभा मिळाली आणि परवान्याच्या नावातला 'लपवून' हा शब्द गेला. २०१७ मध्ये फी १४० डॉलरवरून ४० वर आणली. २०२१ ला सक्तीच गेली. फी कमी केली हे मला मनापासून आवडलं, कारण रात्रपाळी करणाऱ्या बाईला १४० डॉलर परवडत नव्हते आणि गरज तिलाच जास्त होती. तास कमी केले ते मात्र पटलं नाही, आजही पटत नाही. चार तासांत कायदा सांगून होतो, माणूस बदलत नाही.

माझं स्वतःचं सांगते. २००४ मध्ये आमचं ह्यूस्टनच्या नैऋत्य भागात छोटं दुकान होतं, पेट्रोल पंपाला लागून. गल्ल्याखालच्या खणात यजमानांनी रिव्हॉल्व्हर ठेवलेलं. स्वतःच्या दुकानात ठेवायला परवाना तेव्हाही लागत नव्हता. एका रात्री दोन पोरं आली, एकाच्या हातात पिस्तूल. मी गल्ला उघडला, पैसे दिले, ती गेली. मी मात्र नंतर अर्धा तास खणाकडे बघत बसले. ते रिव्हॉल्व्हर मी एकदाही हातात धरलेलं नव्हतं. त्यात गोळ्या आहेत की नाहीत हेही ठाऊक नव्हतं. मी घाबरून खण उघडला असता तर त्या रात्री मी मेले असते, यात मला आजही शंका नाही. खंडेनवमीला आम्ही त्याला हळदकुंकू लावायचो. शस्त्राशी आमचा संबंध तेवढाच.

पुढच्या वर्षी मी वर्ग केला. दहा तास, तेवीस पुरुष आणि मी. २००९ पासून शिकवते. म्हणून तुमच्या प्रश्नातला माझ्या दृष्टीने महत्त्वाचा शब्द 'परवाना' हा नाही. त्या सहा-सात घरांत पिस्तूल आहे आणि शिकलेलं कुणी नाही, हे वाक्य महत्त्वाचं. त्या प्रत्येक घरात एक माणूस असा आहे ज्याने ते विकत घेतलेलं नाही, पण जो त्याच्याबरोबर राहतो. बहुतेक वेळा बायको. पुरुषांना पटवण्यात वेळ घालवू नका. आधी त्या बायकांना बोलवा.

परीक्षेची भीती काढून टाका. ५० गोळ्या झाडायच्या: ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २०, १५ यार्डांवरून १०. एकूण २५० गुण, १७५ मिळाले की पास. लक्ष्य माणसाच्या आकाराचं, चांगलं मोठं. शाळेत एनसीसीत पॉइंट टू टूची रायफल चालवलेल्या आपल्या मंडळींना मी तासाभरात यातून पार करते. (कोल्हापूरची एक आली होती, पहिल्याच फेरीत सगळ्या गोळ्या मध्यभागी. म्हटलं, राही सरनोबतच्या गावची शोभतेस.) लेखी परीक्षेतही ७० टक्के पुरेत. बोटांचे ठसे, अर्ज, ४० डॉलर, झालं.

पण ही परीक्षा काय तपासत नाही ते ऐका. होल्स्टरमधून पिस्तूल काढायला ती सांगत नाही. हलत्या माणसावर, अंधारात, कडेवर मूल असताना काय करायचं ते विचारत नाही. पास होणं म्हणजे गाडीचं शिकाऊ लायसन्स, त्यावर कुणी पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवर निघत नाही. कायद्याचा भाग आता घरबसल्या ऑनलाइन करता येतो, रेंजवरचा भाग तेवढा प्रत्यक्ष. आपल्या लोकांना ऑनलाइन आवडतं, कारण दुसऱ्या खिडकीत ऑफिसची मीटिंग चालू ठेवता येते. मी म्हणते, समोर बसा. समोर बसल्याशिवाय प्रश्न पडत नाहीत.

प्रश्न पडतात ते बळाच्या वापरावर. टेक्सासचा कायदा उदार आहे असा बोलबाला आहे, आणि स्वसंरक्षणाच्या बाबतीत तो उदार आहेही. जिथे असायचा तुम्हाला हक्क आहे तिथून पळून जायचं बंधन नाही. पण जीवघेणं बळ वापरायला ते 'तत्क्षणी आवश्यक' आहे असं वाटावं लागतं, आणि तसं वाटणं समंजस माणसाला पटेल असं असावं लागतं. नुसत्या तोंडी चिथावणीला बळाने उत्तर द्यायची मुभा नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. भांडण तुम्ही उकरून काढलं असेल तर तुमचा बचाव बहुतेक संपलाच. वर्गात मी उदाहरण देते: फ्रीवेवर कुणी आडवी गाडी घातली, खाली उतरून तुम्हाला 'आपल्या देशात परत जा' म्हणाला, काचेवर थुंकला. काय कराल? पुरुष रंगात येऊन सांगतात. एकदा एक आजी म्हणाल्या, "मी काच वर करून हनुमान चालिसा लावीन." मी त्यांना पूर्ण गुण दिले. परवान्याच्या अभ्यासक्रमात वाद हिंसेशिवाय मिटवण्याचं शिक्षण सक्तीचं आहे, हे बाहेर कुणालाच ठाऊक नसतं. तुमच्या मित्रांना आवर्जून सांगा. कमरेला पिस्तूल लावणाऱ्याने जगातल्या प्रत्येक भांडणातून आधी माघार घ्यायची असते, कारण प्रत्येक भांडणात आता एक पिस्तूल आहे, त्याचं स्वतःचं.

दोन-तीन प्रसंग मी नेहमी सांगते, त्यांचा तुम्हालाही उपयोग होईल. २९ डिसेंबर २०१९, फोर्ट वर्थजवळचं व्हाइट सेटलमेंट. चर्चमध्ये रविवारची प्रार्थना चालू असताना एकाने शॉटगन काढून दोघांना मारलं. चर्चच्या स्वयंसेवी सुरक्षा पथकाचे जॅक विल्सन यांनी एका गोळीत त्याला पाडलं. सगळं मिळून सहा सेकंद. प्रार्थनेचं थेट प्रक्षेपण चालू होतं, म्हणून हे जगाने पाहिलं. पिस्तूलवाले हा प्रसंग अभिमानाने सांगतात, पण दोन गोष्टी गाळतात. विल्सन स्वतः नेमबाजीचे प्रशिक्षक होते, पूर्वी शेरीफच्या पोलीस दलात राखीव डेप्युटी होते. आणि मेलेल्या दोघांतला एक सुरक्षा पथकातलाच होता, आपलं पिस्तूल काढत असतानाच गेला. चित्रीकरण पुढे बघा: हल्लेखोर पडल्यावर आणखी काही जण हातात पिस्तूल घेऊन पुढे येताना दिसतात. मी तिथे थांबवते आणि विचारते, पोलीस आत्ता दारातून आत आला तर यांतला गुन्हेगार कोणता हे त्याला कसं कळावं?

या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते कोलोरॅडो राज्यात. २१ जून २०२१, अरवाडा. एका माणसाने पोलीस अधिकाऱ्याला मारलं. जॉनी हर्ली नावाच्या नागरिकाने आपल्या लपवलेल्या पिस्तुलाने त्या हल्लेखोराला पाडलं, आणि मग त्याची रायफल उचलून हातात घेतली. धावत आलेल्या दुसऱ्या पोलिसाने रायफलवाला माणूस पाहिला आणि गोळी झाडली. हर्ली गेले. फार मोठ्या धैर्याचा माणूस होता. गोळी झाडून झाल्यावर काय करायचं, पिस्तूल परत होल्स्टरमध्ये कधी, हात कुठे, ९११ ला स्वतःचं वर्णन कसं सांगायचं, परक्या शस्त्राला हात का लावायचा नाही, यावर माझ्या वर्गात आता पाऊण तास जातो. हर्लींच्या आधी दहा मिनिटं जात होती.

आणि तिसरा प्रसंग माझ्या विरोधात जाणारा, म्हणून मुद्दाम सांगते. १७ जुलै २०२२, इंडियानातल्या ग्रीनवुडचा मॉल. एलायजा डिकन या २२ वर्षांच्या मुलाने सुमारे ४० यार्डांवरून दहा गोळ्या झाडल्या आणि तिघांना मारणाऱ्या हल्लेखोराला पंधरा सेकंदांत थांबवलं. त्याच्याकडे परवाना नव्हता. इंडियानात सक्ती संपून दोन आठवडे झाले होते. मित्र हे उदाहरण तुमच्या तोंडावर फेकतीलच. तेव्हा विचारा, ४० यार्डांवरून नेम शिकवला कुणी? आजोबांनी, लहानपणापासून. परवाना नव्हता, पण शिक्षण होतं. आपल्यापैकी कुणाचे आजोबा अंगणात पिस्तूल शिकवत होते? आपल्याकडे ते पोलिसाच्या कमरेला किंवा गुंडाच्या हातात पाहिलेलं. भारतात परवान्यासाठी पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, चौकशी, वर्षानुवर्षं वाट. इथे येऊन अर्ध्या तासात दुकानातून पिस्तूल घेऊन बाहेर पडतो तेव्हा आपल्याजवळ वस्तू येते. तिच्याभोवतीचं घरगुती शहाणपण येत नाही. ते वर्गातच मिळवावं लागतं.

आता पटवायचं कसं. भीती विकू नका. २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्ससमध्ये ओलेथेच्या एका बारमध्ये आपल्यातल्या एका इंजिनिअरला वंशद्वेषातून गोळी घातली गेली, त्यानंतरच्या आठवड्यात मला चाळीसेक फोन आले. सगळ्यांना उद्याच पिस्तूल हवं होतं. मी प्रत्येकाला सांगितलं, महिनाभर थांबा, मग वर्गाला या. महिन्यानंतर सहा आले. ते सहा अजून सरावाला येतात. घाबरून घेतलेलं पिस्तूल पहिले दोन आठवडे उशीखाली असतं, मग कपाटात, मग विसरलं जातं आणि एक दिवस ते मुलाला सापडतं.

आकडेवारीनेही पटवू नका. परवाने वाढले की गुन्हे घटतात, असं छातीठोक सांगणारे भेटतील, आणि वाढतात असं सांगणारेही. २००४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने सगळा अभ्यास तपासून कुठलाही ठाम निष्कर्ष काढता येत नाही असं म्हटलं. त्यानंतरच्या काही संशोधकांना हिंसक गुन्हे वाढल्याचं दिसलं. टेक्सासचं सार्वजनिक सुरक्षा खातं दरवर्षी शिक्षा झालेल्यांत परवानाधारक किती ते छापतं, प्रमाण एक टक्क्याच्याही आत असतं. पण ती माणसं आधीच चाळून घेतलेली असतात, हेही सांगायला हवं. हा वाद दिवाळीच्या फराळावर काढलात तर चकल्या संपतील आणि वर्गाला कुणी येणार नाही.

एक आकडा मात्र मी कधीच गाळत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यांतली २६,३२८, म्हणजे निम्म्याहून जास्त, आत्महत्येने. चोर-दरोडेखोर राहोत बाजूला, घरात आलेलं पिस्तूल घरातल्याच खचलेल्या माणसाच्या हाती लागणं हा मोठा धोका आहे. माझ्या एका वर्गाच्या मधल्या सुट्टीत एका बाईने मला बाजूला घेतलं. यजमानांची नोकरी गेली होती, रात्री झोप नव्हती, बोलत नव्हते, आणि अचानक 'आपण पिस्तूल घेऊ' म्हणाले होते. त्या दिवशी मी त्यांना रेंजवर नेलं नाही. फी परत केली, दोन तास मराठीत बोलत बसलो, ९८८ हा मानसिक संकटातल्यांसाठीच्या मदतीचा फोन नंबर दिला. ते आता बरे आहेत. अधूनमधून लोणचं आणून देतात. पिस्तूल त्यांनी घेतलं नाही.

म्हणून माझी पद्धत अशी. पहिल्या दिवशी पिस्तूल विकत घेऊन कुणी यायचं नाही. घरात आहे त्यांनी ते घरीच ठेवायचं. नवरा-बायको दोघांनी यायचं, पण रेंजवर वेगवेगळ्या लेनमध्ये उभं राहायचं, कारण नवऱ्याने बायकोला गाडी शिकवताना जे होतं तेच इथेही होतं. सुरुवात पॉइंट टू टूच्या पिस्तुलाने. धक्का कमी, आवाज कमी. हौशी भाचा मावशीच्या हातात पहिल्यांदाच जाडजूड कॅलिबरचं देतो, व्हिडिओ काढतो, मावशी जन्मात परत येत नाही. पहिली चाळीस मिनिटं गोळी नाहीच: रिकामं आहे हे तपासायचं, परत तपासायचं, नळी कुठे आणि बोट कुठे. चापावर बोट गेलं की मी 'बोट!' म्हणून ओरडते, मग वय बघत नाही, पद बघत नाही.

मग तिजोरी. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती निष्काळजीपणाने भरलेलं पिस्तूल लागलं तर टेक्सासमध्ये तो गुन्हा आहे, आणि कुणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तर तुरुंगवासापर्यंत जातो. पलंगाला साखळीने बांधलेली, बोटांच्या खुणेने उघडणारी छोटी पेटी शंभर-दीडशे डॉलरला मिळते. ती पिस्तुलाच्या आधी घ्या. गाडीच्या कप्प्यात रात्रभर ठेवू नका. ह्यूस्टनमध्ये चोर काच फोडतात ती लॅपटॉपसाठी आणि पिस्तुलासाठीच.

हे सगळं ऐकून दहातले चार जण परवान्याचा अर्ज करतात, दोघे रोज बाळगतात. बाकीचे पिस्तूल तिजोरीत ठेवतात, काही जण विकूनही टाकतात. सगळ्यांनी बाळगावं अशी माझी इच्छा नाही. तुमच्या त्या सहा घरांतल्या बाराही जणांनी वर्ग करावा अशी मात्र आहे, आणि जमलं तर परवानाही काढावा, कारण त्या निमित्ताने पार्श्वभूमी तपासली जाते आणि काही वर्षांनी नूतनीकरण करताना कायदा पुन्हा डोळ्यांखालून जातो. टेक्सासची विधानसभा विषम वर्षांत भरते, प्रत्येक वेळी काहीतरी बदलतंच. तेव्हा मी आज लिहिलेलं दोन वर्षांनी खात्याच्या संकेतस्थळावर ताडून बघा.

तुमच्या मित्रांना असं विचारा: "शनिवारी सकाळी चार तास आहेत का? पिस्तूल आणू नका, बायकोला आणा." नंतर इडली-सांबार ठेवा. मंडळाच्या कार्यक्रमाला जेवणाशिवाय कुणी आलंय का कधी?

आणि येताना बायकांना सांगा, गळाबंद टी-शर्ट आणि बंद बूट घाला, मोठ्या गळ्याचा कुर्ता नको. पिस्तुलातून उडालेली रिकामी पुंगळी तापलेली असते. ती गळ्यातून आत गेली की माणूस नाचायला लागतो, आणि नाचणाऱ्याच्या हातात त्या क्षणी भरलेलं पिस्तूल असतं.